बाईंनी तारा बदलल्या

बाळांनो, जत्रेत ओरडून ओरडून तुमचा आवाज कधी बसलाय का? दुसऱ्या दिवशी साधं ‘आई, पाणी दे’ म्हणायला जावं, तर तोंडातून नुसती हवा बाहेर पडते! ही गोष्ट अशाच एका बसलेल्या आवाजाची आहे. फरक एवढाच, की ती मुलगी ओरडली नव्हती. ती गायली होती.

फार पूर्वी, नदीकाठच्या एका गावात एक गाणाऱ्या बाई राहत होत्या. सगळं गाव त्यांना नुसतं ‘बाई’ म्हणायचं. त्यांचा आवाज उंच आणि चांदीच्या घंटेसारखा स्वच्छ. तरुणपणी त्या गावोगाव गाऊन आल्या होत्या. केस पिकू लागले तेव्हा त्यांनी घरच्या ओसरीवर मुलींना गाणं शिकवायला सुरुवात केली.

बाईंकडे एकच तंबोरा होता, आणि साऱ्या गावातही तेवढाच. गाणं ज्या सुरापासून सुरू होतं, त्याला सा म्हणतात. तंबोऱ्याच्या तारा तो सा सतत धरून ठेवतात. आता ज्याचा त्याचा गळा वेगळा, म्हणून ज्याचा त्याचा सा वेगळा. पण बाईंचा तंबोरा लागायचा तो बाईंच्या उंच सुरातच. मुलींनी त्यातच गायचं. त्यांच्या गुरूंनी त्यांना तसंच शिकवलं होतं आणि बाईंनी ते कधी मोडलं नव्हतं.

या मुलींमध्ये विणकराची केशर होती. सुरांची समज तिच्याइतकी कुणाला नव्हती. पण वरचा सूर आला, की तिच्या गळ्याच्या शिरा ताठ व्हायच्या आणि आवाज चिरकायचा.

“आला गं केशरचा कोंबडा!” शेजारची मुलगी कुजबुजायची, आणि सगळ्या पदरात तोंड लपवून हसायच्या.

“हसता काय?” बाई दटावायच्या. “केशर, रियाज कमी पडतोय तुझा. लाव जोर.”

केशर जोर लावायची. घरी जाऊन खडीसाखर चघळायची, ज्येष्ठमधाची काडी तोंडात धरायची, आणि पहाटे उठून पुन्हा जोर लावायची.

गावात दरवर्षी देवीचा उत्सव असे. रिवाज असा होता, की आधी शिष्येनं गायचं आणि मग गुरूनं. दोघींनीही त्या एकाच तंबोऱ्यावर. त्या वर्षी बाईंनी देवीपुढे केशरचं नाव सांगितलं. एकदा नाव सांगितलं की ते मागे घेता येत नसे. घेतलंच, तर ही मुलगी गाण्याची नव्हे असं गाव धरून चालायचं, आणि मग तिला कुणी शिकवत नसे.

त्यातून त्या वर्षी खुद्द राजा उत्सवाला येणार होता. बाईंचं गाणं त्यानं लहानपणी एकदा ऐकलं होतं. जरीची शाल त्यानं आधीच विणून घेतली होती. गाणं झालं, की ती बाईंच्या खांद्यावर घालायची.

उत्सव चार दिवसांवर आला आणि केशर शिकवणीला आली नाही. तिच्या आईनं निरोप धाडला, “आवाज बसलाय, वर चढतच नाही. वैद्यबुवा म्हणतात, आता आणखी ताण दिला तर गळा कायमचा जाईल.”

बाईंना काळजी वाटली, आणि खरं सांगायचं तर रागही आला. चार दिवस राहिले आणि आता गळ्याची तक्रार! त्या तडक विणकराच्या घराकडे निघाल्या.

अंगणात पाऊल टाकलं आणि त्या थबकल्या. आतून कुणीतरी गात होतं. आवाज खालचा, दमलेला, किंचित घोगरा, पण कसा! ऊन खात पडलेल्या गायीसारखा शांत. कुठे ओढाताण नाही, कुठे घाई नाही. ‘कोण बरं ही? या गावात असं गाणारं कुणी आहे आणि मला माहीत नाही?’ त्यांच्या मनात आलं.

त्यांनी दारातून डोकावून पाहिलं. केशर पाळण्याची दोरी हातात धरून धाकट्या भावाला निजवत होती. आणि अंगाईच्या जागी गात होती बाईंनीच शिकवलेली चीज!

बाईंच्या मनात पहिल्यांदा आलं ते हेच: माझी चीज, आणि इतक्या खाली? पण त्या दारातच थांबल्या. ऐकत राहिल्या. ज्या जागेवर केशरचा आवाज ओसरीवर रोज चिरकत होता, ती जागा आली. आणि केशर ती सहज घेऊन पुढे गेली. पाळण्याची लयसुद्धा हलली नाही.

केशरनं वळून पाहिलं आणि ती दचकून उभीच राहिली. “चुकलं बाई! तो रडत होता, म्हणून हळू गायले. अशी खाली उतरून पुन्हा नाही गाणार.”

आयुष्यात पहिल्यांदा कुणी बाईंपुढे चांगलं गायल्याची माफी मागत होतं.

“उत्सवापर्यंत एक शब्द बोलू नकोस,” त्या म्हणाल्या, “आणि गरम पाणी पीत जा.” एवढं सांगून त्या घरी आल्या.

आल्या आल्या त्यांनी तंबोऱ्याच्या खुंट्या सैल केल्या. केशरच्या सुरापर्यंत तारा उतरवून पाहिल्या. पण इतक्या खाली त्या बारीक तारा ढिल्या पडून नुसत्या भुणभुणल्या. खालच्या सुराला जाड तारा लागतात. आणि नव्या तारा चढवल्या की त्या दोन-तीन दिवस हट्टी पोरासारख्या उतरतच राहतात. पुन्हा पुन्हा ओढाव्या तेव्हा कुठे सुरात ठरतात. ऐन उत्सवात केशरचं गाणं झाल्यावर तारा बदलून बाईंचा सूर लावणं शक्यच नव्हतं.

आणि इतक्या खाली बाईंचा गळा उतरतच नसे. म्हणजे केशर तरी गाणार, नाहीतर बाई.

घरात त्यांची विधवा नणंद होती, जिभेची तिखट. ती म्हणाली, “वहिनी, वेड लागलंय का तुम्हाला? राजा काय त्या पोरीसाठी येतोय? आयुष्यभर घसा झिजवलात, शाल दारात आलीय, आणि तुम्ही खुंट्या पिळत बसलात!”

“वन्सं, तिचं नाव देवीपुढे मीच सांगितलंय.”

“मग गाऊ दे तिला तुमच्या सुरात. आवाज गेला तर तिचं नशीब.”

“नशीब नव्हे,” बाई म्हणाल्या. “तो आवाज मी बसवलाय.”

त्या बराच वेळ तंबोऱ्याला टेकून बसल्या. आपण उंच सुरात सभा कशी भारून टाकायचो, ते त्यांना आठवलं. पुन्हा राजा कधी येईल, कोण जाणे. आणि आला, तरी आपला आवाज तोवर राहील का? मग त्या उठल्या, फडताळातून जाड तारांची वेटोळी काढली आणि एकेक तार चढवायला बसल्या.

उत्सवाच्या दिवशी दुपार कलल्यावर देवीचा मंडप माणसांनी भरला. केशर पुढे येऊन बसली आणि तिच्यामागे, जिथे एरवी शिष्या बसते तिथे, तंबोरा घेऊन बाई बसल्या. सभेत कुजबुज झाली. “अहो, बाई मागे कशा?” “पाय दुखत असतील.” “छे! काहीतरी बिनसलंय.”

केशरनं डोळे मिटले, पण आवाज फुटेना. ती घाबरून मागे वळली. बाईंनी डोळ्यांनीच ‘गा’ म्हटलं. तार छेडत राहिल्या. त्या ओळखीच्या, आपल्याच सुराचा हात धरून केशरनं सा लावला, आणि मंडप हळूहळू गप्प झाला. गाणं संपलं तेव्हा म्हातारी माणसं डोळे पुसत होती.

राजा म्हणाला, “फार गोड! आता बाई, आपण.”

बाईंनी हात जोडले. “महाराज, आज तंबोरा माझ्या सुरात नाही. आज मी गाणार नाही.”

राजाला वाईट वाटलं. शाल गाणाऱ्या गुरूसाठी होती, ती तशीच घडी करून राजवाड्यात परत गेली. राजाच्या पालखीबरोबर ती दूर जाताना पाहून बाईंच्या मनाला लागलं नाही, असं नाही. लागलं. पण घरी परतताना केशर त्यांच्याशी बोलत होती, आणि तिचा आवाज चांगला मोकळा येत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई बैलगाडीत बसून तंबोरे घडवणाऱ्यांच्या गावाला गेल्या आणि खालच्या सुराचा एक मोठा तंबोरा घडवायला सांगून आल्या.

तात्पर्य: शिष्याला आपल्या सुरात ओढणं सोपं असतं; पण जो त्याच्या सुराला साथ देतो, तो खरा गुरू.