गेनबानं धरलेली जागा

एका गावात एक भोळा बाप होता. गेनबा त्याचं नाव. सांगितलेलं काम तो करायचाच, पण सांगितलं तसंच आणि तेवढंच.

त्याची लेक कुंदा मात्र हुशार. गावच्या शाळेनं जपानच्या एका शाळेशी नातं जोडलं होतं. तिकडच्या नाओकोबाई येणार, गावात सोहळा होणार, आणि बाईंना पसंत पडेल ती मुलगी वर्षभर तिकडं शिकायला जाणार. कुंदाची आई यमुना सकाळपासून गेनबाला बजावत होती.

"अहो, आज तरी घोळ घालू नका. पोरीच्या नशिबाचा प्रश्न आहे."

"नाही घालत," गेनबा म्हणाला.

हेडसरांबरोबर तो स्टँडवर गेला. बाई एसटीतून उतरल्या आणि कमरेत वाकल्या. गेनबाला वाटलं, यांचं काहीतरी पडलं. तोही वाकून शोधू लागला. तो वाकला म्हणून बाई आणखी वाकल्या.

हेडसर म्हणाले, "अहो, तो त्यांचा नमस्कार! पाहुणा करील तसंच आपण करायचं, समजलं?"

"समजलं."

घरी जेवताना बाईंनी ठेच्याचा मोठा घास घेतला. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. हा-हू, हा-हू! गेनबानं ताटाला हातही लावला नव्हता. तोही हा-हू करून रडू लागला.

यमुनेनं कपाळावर हात मारला. "तुम्हाला काय झालं रडायला? पाहुण्याच्या डोळ्यांत पाणी दिसलं की पाठीवर थाप मारायची, तांब्याभर पाणी द्यायचं!"

"बरं."

संध्याकाळी सोहळा. पताका, लेझीम, बाईंना नऊवारी नेसवलेली. कुंदानं जपानीत गाणं म्हटलं. बाईंचे डोळे भरून आले. झालं! गेनबा स्टेजवर चढला. पाठीत दणका घातला. तांब्या बाईंच्या अंगावर रिकामा झाला.

यमुनेनं डोळे गच्च मिटले.

बाई निथळत उभ्या राहिल्या. मग खुदकन हसल्या, गेनबापुढं वाकल्या आणि म्हणाल्या, "कुंदा येणार."

हेडसरांनी गेनबाला दंडाला धरून खुर्चीत बसवलं. "आता काहीही होवो, कुणी काहीही म्हणो, जागा सोडायची नाही!"

"नाही सोडत."

बाई महिनाभर गावात शिकवत राहिल्या. कुंदाचे कागद आले आणि दोघी निघाल्या. एसटीला ही गर्दी! यमुना म्हणाली, "अहो, आत शिरा, पोरीला जागा धरा."

गेनबानं खिडकीतून टॉवेल टाकला, आत शिरला, बसला.

कुंदा आली. "आबा, उठा, मी बसते."

"जागा सोडायची नाही."

"अहो आबा, गाडी सुटतेय!"

"सुटू दे."

सुटली. मुंबईपर्यंत कुंदा उभी, बाई उभ्या, गेनबा बसून. तिथं कंडक्टरनं त्याला ओढून खाली उतरवलं.

दुसऱ्या दिवशी कुंदाचा फोन आला. "आई, जपानला पोचले गं सुखरूप."

यमुनेनं देवाला हात जोडले. "आणि आबांना कुठं सोडलंस?"

"विमानतळाच्या बाहेर, बाकड्यावर. उठेचनात!"

हेडसर तातडीनं मुंबईला गेले. गेनबा बाकड्यावर मांडी घालून बसलेला. शेजारी टॉवेल पसरलेला.

"गेनबा, चला घरी."

"असं कसं सर? पोरीला जागा धरलीय. वर्षानं दमूनभागून येईल, आणि उभी राहील होय?"