कडूबाईची सरकारजमा खडी

आंबेरानच्या जंगलात विमानतळ झाला. फीत कापली, नारळ फुटला, माकडांनी नारळाचे तुकडे पळवले, सगळं रीतसर पार पडलं. आठवड्याभराने सरकारने खुलासा केला की असं काही झालेलंच नाही. विमानतळ अजून व्हायचा आहे आणि त्यासाठी निधी लागेल. तेव्हा आपणही काही झालं नाही असंच धरून सुरुवात करू.

तर आंबेरानात एक मोकळा माळ होता. त्या माळावर कडूबाई टिटवी नवऱ्यासह राहायची. टिटव्या झाडावर घरटं बांधत नाहीत. उघड्या जमिनीवर, खड्यांच्या शेजारी, खड्यांसारखीच दिसणारी अंडी घालतात आणि कोणी जवळ आलं की आकाश डोक्यावर घेतात. कडूबाईने यंदा चार अंडी घातली होती. गेल्या साली सगळी म्हशींच्या पायाखाली गेली, म्हणून या खेपेला ती पाणी प्यायला जातानाही नवऱ्याला अंड्यांवर बसवून जायची.

एका दुपारी वाहतूकमंत्री मधुकरराव अस्वल माळावर आले. जंगलाच्या तीन धान्यकोठारांपैकी एक रिकामं करून विमानतळाला निधी दिल्याची घोषणा त्यांनी तिथेच केली.

"बंधूंनो, भगिनींनो आणि बिळातल्यांनो," मधुकरराव म्हणाले, "किती दिवस आपण पायांनी चालायचं?"

समोर ससे बसले होते. ते आपापल्या पायांकडे बघायला लागले.

"साहेब," कडूबाई जागची न उठता म्हणाली, "उडणाऱ्यांना विमानतळ कशाला?"

"उडणाऱ्यांसाठी नाहीच तो, ताई. न उडणाऱ्यांसाठी आहे."

"मग न उडणाऱ्यांना उडवणार कोण?"

"तो दुसरा टप्पा," मधुकरराव म्हणाले, आणि टाळ्या पडल्या.

"गप बस ना जरा," तिचा नवरा रंगनाथ पुटपुटला. "मोठी माणसं आहेत. म्हणजे, अस्वलं."

योजनेचं नाव होतं एकात्मिक वाहतूक. बिळापासून नदीपर्यंत कासव, नदी ओलांडायला मगर, पलीकडे माळापर्यंत पुन्हा कासव, आणि सगळं एकाच तिकिटात. मगरीच्या टप्प्यात प्रवासी थोडे कमी व्हायचे, त्यामुळे पुढच्या कासवावर ऐसपैस जागा मिळायची. सरकारने जाहिरातीत ही सोय ठळक छापली.

धावपट्टीचं कंत्राट दंतोबा रानडुकराला मिळालं. दंतोबाने माळ मनापासून उकरला, पण खडी काही आणली नाही. मग मोजणीला ओव्हरसियर घुबडराव आले. घुबडांना दिवसा दिसत नाही आणि कचेरीची वेळ दिवसाची, त्यामुळे घुबडरावांची नोकरी निर्वेध चालली होती.

"खडी कुठाय?" त्यांनी झाडाकडे बघून विचारलं.

"ही काय, साहेब, तुमच्या पायाशी," दंतोबा म्हणाला.

घुबडरावांनी चाचपून पाहिलं. "गुळगुळीत आहे. माल चांगला दिसतो."

"अहो भाऊसाहेब, माझी अंडी आहेत ती," कडूबाई ओरडली.

"गरम लागतायत."

"खडी उन्हात तापणारच की, साहेब," दंतोबा म्हणाला.

झालं. चार नग खडी सरकारजमा झाली. भोवती चुन्याची रेघ आली, पाटी आली: सरकारी माल, हात लावू नये.

"बरंच झालं की गं," रंगनाथ म्हणाला. "आता म्हशी पाय देणार नाहीत."

आणि खरंच, म्हशी लांबून वळसा घालून जायला लागल्या. सरकारी मालाच्या भानगडीत म्हशीसुद्धा पडत नाहीत. पण कडूबाईला अतिक्रमणाची नोटीस आली. रंगनाथने कचेरीत चार हेलपाटे घातले, दंतोबाला गांडुळं पोचवली, आणि बायकोला खडीवर पहारेकरी नेमून घेतलं. पगार नाही, पण बसायची परवानगी. अशा रीतीने कडूबाई स्वतःच्याच अंड्यांवर सरकारी हुकमाने बसली.

उद्घाटनाचा दिवस उजाडला. मधुकररावांनी फीत कापली आणि खडीला तडे गेले.

"पहिल्याच दिवशी?" घुबडरावांनी हळूच विचारलं.

"सरकारी काम आहे, साहेब. तडे धरूनच दर लावलाय," दंतोबा म्हणाला.

तेवढ्यात खडीला पाय फुटले. टिटवीची पिल्लं कवचातून निघाली की अंग सुकेपर्यंतच काय ती थांबतात. चार नग खडी धावपट्टी सोडून पळत सुटली. मधुकरराव पुन्हा माईकशी आले.

"बघताय ना? स्वतःच्या पायांनी कामावर जाणारी खडी. वाहतुकीचा खर्च शून्य. यालाच म्हणतात एकात्मिक."

टाळ्या थांबेनात. कडूबाई मात्र पिल्लांमागे धावत होती, आणि तिच्यामागे दोन कोल्हे शिपाई. पिल्लं मुद्देमाल म्हणून धरली गेली. खडी जागेवर नाही म्हणजे धावपट्टी नाही, धावपट्टी नाही म्हणजे उद्घाटनही झालेलं नाही, असा निष्कर्ष कचेरीने काढला आणि नव्या निधीसाठी उरलेली दोन कोठारं उघडली.

पिल्लांना रोज धावपट्टीवर ओळीने झोपवतात. त्यांना पंख फुटायला लागलेत. ती उडून जातील अशी भीती दंतोबाने घातली, तर मधुकरराव म्हणाले, "उडू दे. आपलं पहिलं उड्डाण म्हणून दाखवू."

कडूबाई रेघेबाहेर उभी राहून त्यांना हाका मारते. परवा तिने अर्ज सांगितला आणि रंगनाथने लिहून घेतला. भाषा त्याची आहे. तो आता कचेरीत बराच रुळलाय.

"सबब, मायबाप सरकारास नम्र विनंती, की सदर चार नग खडी ही अर्जदाराची मुले असल्याने ती आईच्या ताब्यात मिळावीत. मुले परत देणे नियमात बसत नसल्यास अर्जदारासही खडी म्हणून मंजुरी द्यावी व मुलांशेजारी अंथरावे. या राज्यात निधी प्रजेपर्यंत पोचत नाही, खडीपर्यंत पोचतो, असे अर्जदाराच्या पाहण्यात आहे. कळावे."