सरांचा धोंडा

"एक तरी चूक काढून दाखव यात, ठकूबाई. एक!"

मोघे सरांनी फाइल तिच्या पुढ्यात टाकली.

राष्ट्रीय उद्यानाच्या नाक्याशेजारी, ऐनाच्या झाडाखाली ठकूबाई तंबाखू मळत बसली होती. घोणसकड्यावर गट न्यायचा तर वाटाड्या गावातलाच लागतो, आणि गावात ठकूबाईचा शब्द कुणी मोडत नाही. सरांच्या गिरिभ्रमण मंडळाचं यंदा पंचविसावं वर्ष. येत्या रविवारी तेवीस माणसं वर न्यायची होती. तसं सगळ्यांना सांगूनही झालं होतं.

ठकूबाई सरांहून सहा वर्षांनी मोठी. तरी सर तिला 'तू' म्हणत. जन्मभर शाळेत दुसऱ्यांच्या चुका काढल्या की जीभ अशी होते.

तिनं लुगड्याला हात पुसला. पानन् पान वाचलं, ओळीखाली बोट फिरवत. तेवीस नावं, तेवीस रक्तगट. दोर, शिट्ट्या. पाणी कुठे मिळेल. सर्पदंशावरचं औषध कुठल्या दवाखान्यात आहे. किती वाजले की असू तिथून माघारी फिरायचं.

"झ्याक," ती म्हणाली.

सर फुलले. "तीस वर्षं डोंगर चढतोय मी. माझ्यामुळे आजवर कुणाला साधं खरचटलेलं नाही."

"झ्याक हाये. पर आमी न्हाई नेणार."

"का?"

...

ठकूबाईनं हनुवटीनं समोर दाखवलं.

वाटेच्या तोंडाशी एक सपाट कातळ आहे. वर जाणारा प्रत्येकजण ओढ्यातला एक धोंडा त्यावर ठेवतो. परत आला की तो आपल्या हातानं उचलून ओढ्यात टाकतो. दिवस मावळायच्या आत ठकूबाई कातळ बघते. धोंडा उरला, तर गाव शोधायला निघतं.

आज कातळावर एकच धोंडा होता. त्याला शेवाळ चढलं होतं.

"कुणी वर गेलंय?"

"व्हय."

"कधी?"

"मागल्या मार्गशीर्षात."

सर मोठ्यानं हसले. "म्हणजे मेला की तो!"

"न्हाई. चांगला टुणटुणीत हाये."

सर हसत होते, ते थांबले. धोंड्यावर आडवी पांढरी रेघ होती. गारगोटीची. चढाईच्या वाटेची पाहणी करायला एकटेच आले होते तेव्हा त्यांनी तो मुद्दाम निवडला होता. त्या रेघेवर ठकूबाईला पाच मिनिटं व्याख्यानही दिलं होतं.

"मी... पलीकडच्या घाटानं उतरलो. गाडी तिकडेच बोलावली होती."

"आमाला कुठं ठावं?"

"अगं, पण दगड तो! एवढ्याशा दगडावरनं..."

"एकोणीस माणसं," ठकूबाई म्हणाली. "तीन दिवस. एक घळ सोडली न्हाई."

तेवढ्यात तिचा दीर गुणाजी चहा घेऊन आला. कप ठेवायला वाकला तो एक पाय लांब पसरूनच. त्याचा उजवा गुडघा वाकत नव्हता.

सरांनी पाहिलं.

"हा तिसऱ्या दिवशी घसरला," ठकूबाई म्हणाली.

गुणाजी ओशाळल्यासारखा हसला. "तुमच्या नावानं हाका मारत होतो, सर. वर बघत होतो. पाय कुठं पडतोय ते बघितलंच न्हाई."

...

सर उठले. तरातरा कातळापाशी गेले आणि धोंड्याकडे हात नेला.

"हात लावू नका!" ठकूबाई कडाडली.

नाक्यावरच्या शिपायानंही मान वर केली.

"डोंगराकडनं येईल त्यानंच उचलायचा."

"पण मी उतरलोय ना! हा काय, तुमच्यासमोर उभा आहे!"

'तुमच्यासमोर' म्हणाले सर. पहिल्यांदाच.

ठकूबाईनं तंबाखू थुंकली आणि ताठ बसली.

"आधी माझी सासू बघायची हा कातळ. तिच्यामागं मी. आमच्या दोघींच्या हयातीत रातभर एक धोंडा राहिला न्हाई इथं. एक बी न्हाई." मग हळूच म्हणाली, "हा सोडून."

सर हात मागे घेऊन झाडाखाली परत आले.

"मग... रविवारी? तेवीस माणसं येणारायत. त्यांना काय सांगू?"

ठकूबाईनं फाइलची पानं नीट जुळवली. दोन्ही हातांनी ती सरांना परत दिली.

"त्यांना खाली आणणारा दुसरा कुणी बघा, सर. तुमी तर अजून वरच हायसा."