रिकाम्या घरातील चकती

ज्या काळी वीज वापरली की मीटरमध्ये चकती फिरत असे, त्या काळची ही गोष्ट. माहेराहून परतलेल्या यमुताईंनी कुलूप उघडले, तर चकती फिरतच होती.

"रिकाम्या घरात वीज खाणारा आज भंगारात जाईल!" त्या कडाडल्या.

"फ्रिजच तो! पोट बघा केवढे!" टीव्ही ओरडला. "मी तर गाढ झोपलो होतो."

खरे तर निघताना ताईंनीच फ्रिजला रिकामा करून बंद केले होते. पण त्याचे ऐकणार कोण? बाहेर भंगारवाल्याची आरोळी घुमली.

ताईंनी फ्रिजचे बटण पाहिले. ते बंदच होते. त्या वळल्या. केवळ रिमोटने निजवलेल्या टीव्हीचा लाल डोळा कोपऱ्यात लकाकत होता.

"भाऊ, डोळा उघडा ठेवून झोपता होय?" फ्रिजने विचारले.

टीव्ही उत्तर देणार, तोच ताईंनी त्याचे भिंतीवरचे बटण बंद केले आणि चकती थांबली.