चिवणीची गाभोळी

खाडीकाठी पहिलं मत्स्यालय उभं राहिलं, त्या काळची ही गोष्ट. तिथल्या टाकीत एक चिवणी राहायची. तिचं पोट गाभोळीनं, म्हणजे अंड्यांनी, तटतटलं होतं. खाडीतल्या चिवण्या अंडी घालायच्या आधीच जाळ्यात संपत होत्या, म्हणून हिला जपलं होतं. तशी पाटीही होती. पण येणारा प्रत्येक जण काचेला नाक लावून म्हणायचा, "तव्यावर काय लागेल ही."

"पाटी वाचायला यांचं काय जातं?" चिवणी शेजारच्या टाकीतल्या खेकड्यावर करवादली.

"तुझं बरं आहे," खेकडा म्हणाला. "मला बघून रश्श्याचं वाटण सांगतात."

शेवटी चिवणीनं अंडी घातली, आणि दुसऱ्या दिवशी टाकीभर राईएवढी पिल्लं वळवळू लागली. नेमकी तेव्हाच बाजारात मासे विकणारी धाकलीबाय आली.

"आता ही भाव करणार," चिवणी पुटपुटली.

धाकलीबाय बराच वेळ बघत राहिली. "चालीस वर्सं गाभोली इकली," ती म्हणाली, "पन तिच्यातून काय निगतं ते आज पायलं."

मागून एक जण म्हणाला, "मावशी, मोठी झाल्यावर कशी लागतील हो?"

धाकलीबाय त्याच्यावर अशी करवादली, की चिवणीला त्या दिवशी बोलायला काही उरलंच नाही.