कुवलयेची लव्हाळी

पूर्वी वैजयंत नगरात राजा सुधर्म राज्य करीत असताना बोधिसत्त्व गावाबाहेरच्या तळ्याचे राखणदार होते. त्या तळ्यात गळ टाकून काही कुटुंबे पोट भरीत. मासे अंडी घालतात त्या महिन्यात कोणी गळ टाकायचा नाही, अशी रीत होती.

एका वर्षी मासे फार कमी लागले. बंदीच्या महिन्यात कोणीतरी चोरून गळ टाकला असणार, असे जो तो म्हणू लागला, अर्थात स्वतःला वगळून. चोर काठच्या लव्हाळ्यांत लपत असेल म्हणून त्यांनी विळे घेऊन लव्हाळी कापून काढली. आता या काठावरून त्या काठाचा माणूस स्पष्ट दिसू लागला. पुढच्या वर्षी मासे आणखी घटले आणि संशय तेवढा वाढला. गळाकडे लक्ष कोणाचे नव्हते, सगळे एकमेकांच्या टोपल्यांत डोकावत.

विधवा कुवलयेने मात्र आपल्या काठाची लव्हाळी कापू दिली नव्हती. तिला रोज एखादी मरळ लागे, आणि तेवढ्यावर ती व तिची आंधळी सासू जगत. आडोसा हवा म्हणूनच ही अडून बसली, असे सगळ्यांनी ठरवून टाकले. त्यांचा म्होरक्या भद्रसाल राखणदाराकडे आला. हिला तळ्यावरून हाकला, रोजचा पहिला मासा तुमच्या घरी पोचेल, असे त्याने हळूच सुचवले.

बोधिसत्त्वांनी मासा नाकारला आणि कुवलयेला बोलावून विचारले. ती म्हणाली, "दादा, लव्हाळी कापली तर मरळीने पिल्ले ठेवायची कुठे?"

बोधिसत्त्व भद्रसालाला घेऊन तिच्या लव्हाळ्यांत गुडघाभर पाण्यात उतरले. तिने चोरीच्या माशांची टोपली तिथे बुडवून ठेवली असेल म्हणून भद्रसाल आधी तीच चाचपू लागला. टोपली नव्हती. काड्यांच्या आडोशाला तांबूस पिल्लांचा घोळका होता, आणि त्यांची राखण करणारी मरळ त्याच्या पोटरीवर धडका देत होती. मग ते भद्रसालाच्या स्वतःच्या काठावर गेले. तिथे पाणी नितळ होते, तळ दिसत होता, आणि एकही पिल्लू नव्हते.

"भद्रसाला, चोर सापडला का?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"सापडला," तो म्हणाला. "विळा माझ्याच घरात आहे."

त्याच दिवशी तो कुवलयेच्या दारी लव्हाळ्यांची मुळे मागायला गेला. तिने ती उपटून दिली.

भिक्षूंना ही मागल्या जन्मीची गोष्ट सांगून शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, सोबत्याच्या भिक्षापात्रात आज सकाळी संशयाने डोकावणारा हा भिक्षू तेव्हा भद्रसाल होता. दाराशी बसलेली ही उपासिका कुवलया होती, आणि राखणदार मी होतो. दोष देण्याआधी जी पाण्यात उतरून पाहते, ती प्रज्ञा."