हलेल त्याची ऊब

त्या मुलखात थंडी कधी सरतच नसे, आणि ऊब होती ती फक्त वारुळाच्या पोटात. तळाशी बुरशीची बाग होती. कामकरी वाळव्यांनी वरून पाला आणून तिथं घालायचा. तो कुजायचा, तापायचा आणि ती ऊब भुयारांतून दालनांत चढायची. वारूळ अवाढव्य. कुठलं दालन भरलेलं आणि कुठलं रिकामं, हे खुद्द कारभाऱ्यालाही ठाऊक नव्हतं. ऊब आपली सगळीकडे सारखीच जायची, ओस पडलेल्या कोठारांतसुद्धा. पाला वाहून वाळव्यांच्या नाकी नऊ आले होते. कित्येक तर वाटेतच गारठून मरायच्या.

म्हणून कारभाऱ्यानं कोळी आणला.

कोळी मधल्या चौकात बसला आणि तिथून त्यानं प्रत्येक दालनात एकेक धागा सोडला. कायदा सोपा होता. धागा हलला की कोळी दालनाची झडप उघडी, स्वस्थ राहिला की बंद करी. त्याला झोप नव्हती, लोभ नव्हता, कुणाशी वैर नव्हतं. आणि खोटं कशाला बोला, काम चोख झालं! पाल्याचे हेलपाटे निम्म्यावर आले, वाटेतली मरणं थांबली. अंडी सांभाळणाऱ्या येसूदाईनंही कोळ्याला तोंडभरून दुवा दिला, कारण पाला वाहणारी तिची थोरली बहीण आता रोज धडधाकट परत येत होती.

मग एकदा काम करता करता येसूचा डोळा लागला. जाग आली ती गारठ्यानं. झडप बंद! ती धडपडत उठली तसा धागा हलला आणि झडप उघडली. पण भिंतीकडची अंडी तोवर काळी पडली होती. बहिणीला दालनात येरझारा घालायला लावून ती तडक चौकात गेली.

“कोळीबुवा, अहो, तिथं अंडी आहेत!”

“असतील, बाई.”

“असतील काय? जिवंत आहेत ती. हलत नाहीत, एवढंच.”

“मला हललेलंच कळतं,” कोळी शांतपणे म्हणाला. “जे मला कळलंच नाही, ते आहे असं मी कसं सांगू?”

शेजारीच कारभारी उभा होता. “येसू, त्याला कशाला बोल लावतेस? किती पाला वाचला बघ. तूच हलत राहा की जरा!”

कारभाऱ्याला सांगायला काय जातंय? त्यानं स्वतःच्या दालनात एक भुंगेरा उलटा करून धाग्याला बांधून ठेवला होता. तो बिचारा सारखा पाय झाडी, आणि कारभारी कुठंही हिंडत असला तरी त्याचं दालन उबदार राही.

येसूला असलं क्रौर्य जमणारं नव्हतं. तिनं धागा आपल्याच मागच्या पायाला बांधला. तोंडानं अंडी चाटायची, पायानं धागा हलवायचा. बहीण पाल्यावर गेली की ती एकटीच. पायाच्या तालावर जमीन थरथरे, अंडी थरथरत, येसू थरथरे. झोप म्हणून तिला उरलीच नाही. आपण थांबलो की ही लेकरं गेली, एवढी एकच भीती तिला जागती ठेवत होती.

शेवटी पायानंच दगा दिला. येसू कोसळली, पायाची गाठ सुटली आणि धागा निसटला. डोळे मिटून ती झडप पडण्याची वाट बघत राहिली. आता संपलं, तिला वाटलं.

झडप पडली नाही.

तिनं डोळे उघडले. अंडी फुटली होती. पांढरी, आंधळी पिल्लं धाग्याला ओळीनं बिलगली होती. “आलात गं बाई, आलात!” म्हणत येसू रडली, हसली, आणि तोंडात घास घेऊन खुरडत पुढं सरकली. पहिल्याच्या तोंडाशी तिनं घास धरला. त्यानं तोंड उघडलं नाही. दुसऱ्याच्या तोंडाशी धरला. त्यानंही नाही. ती सगळी मिळून येसूच्या पायाच्याच तालात धागा हलवत होती, आणि दालनात छान ऊब भरत होती.